दगडाला पाय फुटतात तेव्हा

शेताच्या कोपऱ्यात एक घडीव दगड उभा असतो. अर्धा मातीत, अर्धा उन्हात. त्याला पगार नाही, रजा नाही, निवृत्ती नाही. इंग्रजांच्या अमदानीत कामाला लागलेले कित्येक दगड अजून त्याच हुद्द्यावर आहेत. काम एकच. इथे एकाचे रान संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, एवढेच तोंडातून शब्द न काढता सांगत राहायचे. सरकारदरबारी त्याला हद्दीची खूण म्हणतात. गावात त्याला बसायचा दगड म्हणतात, विळ्याला धार लावायचा दगड म्हणतात, शेळी बांधायचा दगड म्हणतात. भांडण निघाले की मात्र तो एकदम हद्दीचा दगड होतो आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे आदराने बोट दाखवले जाते. अर्थात, तो त्या वेळी जागेवर असला तर.

कारण जागचे हलू नये म्हणून नेमलेली ही वस्तू खेड्यातली सगळ्यात चळवळी वस्तू आहे. हा दगड दिवसा चालत नाही. पिके निघून रान मोकळे झाले की उन्हाळ्यातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री त्याला पाय फुटतात. सकाळी तो हातभर पलीकडे अशा ऐटीत उभा असतो, की जणू पणजोबांच्या लग्नातही तो तिथूनच अक्षता टाकत होता. पायाशी माती नवी दिसते, पण पहिल्या पावसात तीही जुनी होते. त्यापुढे फक्त म्हाताऱ्या माणसांची आठवण उरते, आणि म्हातारी माणसे दोन्ही घरांत असतात.

दगडाच्या चालण्यालाही एक रीत आहे. तो विधवेच्या रानात जातो. मुलगे पुण्या-मुंबईला नोकरीला गेले, त्या म्हाताऱ्याच्या रानात जातो. भावकीत ज्याच्या बाजूने कुणी बोलणारे नाही, त्याच्या रानात जातो. पाटलाच्या रानात दगड चालत गेल्याचे कुणी ऐकलेले नाही. गावात कुणाचे वजन किती, हे ग्रामपंचायतीच्या निकालापेक्षा दगडांच्या दिशेवरून जास्त नेमके कळते.

सज्जन माणूस अर्थातच दगडाला हात लावत नाही. तो फक्त नांगरतो. दर हंगामाला बांधाच्या अगदी कडेने फाळ घालतो, आणि वीतभर बांध ढासळून त्याच्या सरीत येतो. याला बांध कोरणे म्हणतात. दगड उपटणे हा गुन्हा आहे आणि बांध कोरणे ही शेती आहे, अशी आपली साधारण समजूत. शेजारीही सज्जनच असल्यामुळे तो पलीकडून कोरतो. मग बैलगाडी जाईल एवढा रुंद बांध हळूहळू एका माणसाला जेमतेम चालता येईल एवढा होतो, आणि शेवटी त्यावरून फक्त खारीच जाऊ शकतात. मधला दगड दोन्ही बाजूंची माती गेल्यामुळे आपोआप आडवा होतो. तो कुणीही पाडलेला नसतो.

या उद्योगात मिळते किती, याचा हिशेब फारसा कुणी करत नाही. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. समजा, दोन रानांमधला बांध ३३० फूट लांब आहे आणि एकाने तो फूटभर आत सरकवला. मिळाले ३३० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्साही नाही. कोरडवाहू रानात त्यावर चार-पाच किलो ज्वारी आली तरी डोक्यावरून पाणी. तालुक्याच्या कोर्टात एका तारखेला जायचे तर जेवढ्या भाकरी बांधून घ्याव्या लागतात, त्या या ज्वारीत भागतील की नाही शंका आहे. तरीही दावे तीस-तीस वर्षे चालतात. ज्वारीसाठी कुणी एवढे भांडत नाही. ‘त्याने घेतलीच कशी’ यासाठी भांडतो. दगड फूटभर हलतो तेव्हा जमीन फूटभर जाते आणि इज्जत एकरभर.

ही गोष्ट राज्य करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या भांडणांचा तपशीलवार विचार आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडे लावा, असे आधी सांगितले आहे. पण माणसांची चुकायची सवय लक्षात घेऊन पुढे सांगितले आहे, की जमिनीखालीही गुप्त खुणा पुरून ठेवा. कसल्या खुणा? दगड, हाडे, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, वाळलेले शेण, विटा, कोळसे, खडे आणि वाळू. आपण धर्मशास्त्र वाचतो आहोत की वाड्यामागच्या उकिरड्याचा पंचनामा, असा प्रश्न पडावा. पण त्यात मोठे शहाणपण आहे. ज्या वस्तू जमीन लवकर खाऊन टाकत नाही, त्या शोधून काढलेल्या आहेत. कोळसा तर शतके गेली तरी कुजत नाही. रात्री दगड उचलून नेणाऱ्याला खालचा कोळसा नेण्याचे सुचत नाही, आणि सुचले तरी अंधारात काळा कोळसा दिसत नाही.

त्याहीपुढे साक्षीदार. त्यांनी डोक्यावर माती घ्यायची, तांबडी वस्त्रे नेसायची, गळ्यात माळा घालायच्या आणि आपल्या पुण्याईची शपथ घेऊन शीव सांगायची. ज्या मातीविषयी बोलायचे तीच डोक्यावर असताना खोटे बोलायचे, म्हणजे मान ताठ ठेवणे अवघडच. महाराष्ट्रातही शिवेचे तंटे पडले, की गोत जमायचे, साक्षी व्हायच्या आणि कुणीतरी शीव चालून दाखवायचा. शीव सांगण्याचा मान आणि जोखीम गावाच्या महाराकडे असे. कुठल्या ओढ्याच्या काठाने शीव वळते, कुठल्या खडकापाशी तीन गावे मिळतात, हे त्याला ठाऊक. ज्याला गावाने वेशीच्या आत घर दिले नाही, त्याच्या शब्दावर गावाची शीव ठरायची. असल्या विसंगतीबद्दल दगडांना काही वाटत असेल, तर त्यांनी ते कधी बोलून दाखवलेले नाही.

मोजणीचेही नाना प्रकार झाले. शिवकालात काठी होती पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. आता हात कुणाचा आणि मूठ कुणाची, हा प्रश्न रयतेच्या दृष्टीने फार जिव्हाळ्याचा. हात लांब असेल तर काठी लांब, काठी लांब तर बिघे कमी, बिघे कमी तर सारा कमी. सरकारी माणसाचा हात लांब असल्याने रयतेचा फायदा व्हावा, असा जगातला हा बहुधा एकमेव प्रकार. म्हणून राज्याने काठी नेमून दिली आणि ही गंमत संपवली.

त्याआधी शिलाहारांच्या काळात वेगळाच उपाय होता. राजाने जमीन दान दिली की तिथे शिळा उभी करायची. वर चंद्र आणि सूर्य, मधे दानाचा लेख, आणि खाली एक गाढव व एक स्त्री. या शिळांना गधेगाळ म्हणतात. कोकणात आणि मुंबईच्या परिसरात अशा बऱ्याच सापडल्या आहेत. परळची बाराव्या शतकातली शिळा प्रसिद्ध आहे. वरच्या चंद्रसूर्याचा अर्थ असा, की ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे. खालच्या चित्राचा अर्थ असा, की जो हे दान मोडील त्याच्या आईची विटंबना गाढवाकडून होवो. अक्षरशत्रूलाही वाचता यावा असा हा कायदा. मला यात एकच गोष्ट खटकते. जमीन लाटणार मुलगा, आणि शिक्षा आईला. तो बिचारा चित्र बघून घाबरत असेल, की घरी जाऊन आईला ‘चार दिवस बाहेर पडू नकोस’ एवढेच सांगत असेल?

चित्रातल्या गाढवाकडून कागदाकडे यायला मग इंग्रज यावे लागले. पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या साहेबाने १८२७-२८ च्या सुमारास मोजणी सुरू केली. साहेब हुशार होता. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असे त्याचे सुंदर सूत्र होते. सूत्रात एकच उणीव राहिली. उत्पन्नाचे आकडे आणणारे हाताखालचे लोक आकड्यांआधी शेतकऱ्याकडचे पाकीट बघत. सारा इतका चढला, की लोकांनी गावे सोडली आणि मोजलेल्या जमिनीवर तण माजले. हद्दीचा वाद मात्र एकही राहिला नसणार. वाद घालायला माणसेच नव्हती.

मग १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट आले. एक मुलकी अधिकारी, एक लष्करातला इंजिनिअर. आपल्या सातबाऱ्याच्या घराण्याचे हे मूळ पुरुष. शेताचे उत्पन्न किती यात त्यांनी डोके घातले नाही. माती किती खोल आणि कसल्या रंगाची ते बघितले, नऊ प्रती ठरवल्या आणि पहिल्या प्रतीला सोळा आणे, शेवटच्या प्रतीला दोन आणे अशी किंमत लावली. एका बैलजोडीच्या आवाक्यातला जमिनीचा तुकडा हा साधारण एक नंबर धरला. सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. १८४७ मध्ये डेव्हिडसनसह त्यांनी या सगळ्याचा अहवाल लिहिला, आणि मुंबई इलाख्यात गावोगाव सर्व्हे नंबर पडत गेले. त्याआधी रानांना नावे होती. आंब्याचे, पट्टीचे, विहिरीचे, भुताचे. आता भुताचे रान सर्व्हे नंबर झाले आणि भुतांनाही साऱ्याचा धाक बसला.

मोजणीला लोखंडी साखळी आणि काटकोन बघायचा शंकू. साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा. त्यांना नाव पुन्हा आणे. या मंडळींना सोळा आण्यांशिवाय चैन पडत नसे. मोजलेल्या अंतरांचे जे टाचण करायचे ते टिपण. ते प्रमाणात काढलेले नसते. त्यात शेत वाकडेतिकडे दिसते, कोपरे कुठेही जातात, पण कडेला साखळी-आणे मांडलेले असतात आणि त्यावरून जाणकार माणूस शेत पुन्हा उभे करू शकतो. जुनी टिपणे मोडीत आहेत. म्हणजे आज ज्या कागदावर आपली जमीन अवलंबून आहे, तो आपल्याला वाचता येत नाही आणि ज्याला येतो त्याच्यावर आपला विश्वास नाही.

ही मोजणी जमिनीवर टिकावी म्हणून दगड पुरले, बांध घातले. दर पावसाळ्याआधी खुणा दुरुस्त करायचे काम शेतकऱ्याचे आणि बघायचे काम गावकामगारांचे. तीच रीत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही आली. आपल्या हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी खातेदाराची, आणि खूण मोडली तर दंड. भारतीय दंड संहितेतही ४३४ क्रमांकाचे कलम खास या दगडासाठी होते. सरकारने रोवलेली खूण हलवली किंवा मोडली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गाढव गेले आणि कलम आले. आईची तेवढी सुटका झाली, हे कायद्याचे उपकार.

कलमाचा धाक दगडाला किती, ते वर आलेच आहे. त्यापेक्षा खात्रीचा उपाय आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंनी काढला होता. आत्याबाईंचे यजमान गेले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्यांच्या रानाचा दगड चालू लागला. आत्याबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी दगड गड्याकडून मूळ जागी आणवला, धुऊन घेतला, शेंदूर फासला, नारळ वाढवला आणि अर्धा नारळ प्रसाद म्हणून शेजाऱ्याच्या घरी स्वतः नेऊन दिला. ‘म्हसोबा स्वप्नात आला होता, वन्सं,’ असे शेजारणीला सांगितले. पुढच्या अमावास्येला शेजारणीने स्वतःहून नारळ वाढवला. दगड जागचा हलला नाही. मात्र काही वर्षांनी देवाला ओटा झाला, ओट्यावर पत्रा आला, पत्र्यापर्यंत जायला वाट आली, आणि माणसाला फूटभर जे साधले नव्हते ते देवाने दोन्ही बाजूंनी मिळून गुंठाभर साधले. त्यावर मात्र कुणी दावा लावला नाही.

आत्याबाईंनी रोमचा इतिहास वाचला असण्याची शक्यता नाही, पण रोमन लोकांकडेही हाच तोडगा होता. हद्दीच्या दगडाचा त्यांनी चक्क देव केला होता, टर्मिनस नावाचा. २३ फेब्रुवारीला त्याचा सण असे. दोन्ही शेजारी आपापल्या बाजूने येत, दगडाला आपापल्या बाजूने माळ घालत आणि नैवेद्य दाखवत. ज्युपिटरचे मोठे देऊळ बांधायचे ठरले, तेव्हा बाकीचे देव जागा सोडून गेले आणि हा एकटा हलला नाही, अशी त्यांची कथा आहे. शेवटी त्याला आत ठेवून देऊळ बांधले आणि त्याला आकाश दिसावे म्हणून छपराला भोक ठेवले. देवांच्या राजालाही हद्दीच्या दगडापुढे नमते घ्यावे लागले. एवढे असूनही रोमन मोजणीदार दगडाखाली कोळसा आणि खापऱ्या पुरायला सांगत. देवावर विश्वास होता, शेजाऱ्यावर नव्हता.

शेंदूर लावायला वेळेत सुचले नाही, की मग मोजणी. अगदी परवापर्यंत तिचे चार प्रकार होते. साधी, तातडीची, अतितातडीची आणि अति-अतितातडीची. दीडशे-पावणेदोनशे वर्षे चालत आलेल्या बांधाच्या प्रश्नाला अति-अतितातडी कशी येते, हे फी भरणाऱ्यालाच ठाऊक. अलीकडे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवले आहेत, त्यामुळे भांडणाची सारी नजाकत गेली.

मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस असते. एरवी एकमेकांच्या मयतीला न जाणारी माणसे धुतलेले कपडे घालून हजर होतात. भूकरमापक टिपण उघडतात आणि विचारतात, इथे जुना दगड होता तो कुठे आहे?

‘ह्या बाभळीपाशी हुता,’ आबा सांगतात.

‘बाभळ कुठं आहे?’

‘तोडली की तात्यानं.’

‘म्या न्हाई,’ तात्या दुरून म्हणतात, ‘तुमच्या थोरल्यानं तोडली. त्याचंच दार केलंय तुमच्या वाड्याला.’

‘मंग दगड बी तुमच्या गोठ्याच्या पायरीला हाय, त्ये सांगू का?’

पुरावे असे भराभर बाहेर येतात, फक्त ते जागेवर नसतात. मग भूकरमापक रोव्हर उभा करतात. तो उपग्रहांशी बोलतो आणि काही सेंटिमीटरच्या फरकाने जागा सांगतो. पूर्वी चुन्याची फक्की मारलेला दगड दाखवून भांडायचे, आता आकाशाकडे बोट दाखवून भांडता येते. अडचण अशी, की उपग्रह अचूक असला तरी ज्या टिपणाशी त्याला जुळवायचे ते ३३ फुटी साखळीने केलेले. ती साखळी उन्हात वाढत होती, वापराने ताणत होती, झुडपात अडकत होती, आणि ती धरणारा दुपारी भुकेला होता. दीड शतकापूर्वीच्या त्या भुकेल्या माणसाचे पाऊल नेमके कुठे पडले होते, ते आता उपग्रह सेंटिमीटरमध्ये सांगतो आहे.

दगड ज्याच्या बाजूला सरकतो त्याला मोजणी पटत नाही. तो निमताना मोजणी मागतो, म्हणजे वरच्या साहेबांनी पुन्हा मोजायचे. ती ज्याला पटत नाही तो सुपर निमताना मागतो, म्हणजे त्याहून वरच्या साहेबांनी. त्या वर फक्त चंद्र आणि सूर्य. शिलाहारांनी ते आधीच कोरून ठेवलेले आहेत.

या सगळ्या लांबलचक खटाटोपाकडे पाहिले, की दगडाबद्दल थोडी दया येते. कोळसा, शपथ, गाढव, साखळी, कलम, शेंदूर, उपग्रह. दर पिढीने त्याच्या पाठीशी एकेक सरदार उभा केला. तरी तो जागेवर राहतो तो यांच्यामुळे नाही. दोन शेजारी रोज त्याच्याजवळून जातात आणि दोघांनाही तो तिथेच आहे असे वाटते, म्हणून तो राहतो. त्यातल्या एकाला जरी वेगळे वाटू लागले, तरी त्याच्या पायाखालची जमीन सरकते. कोरलेल्या बांधावर बसून भाकरी-कांदा वाटून खाणारे दोन शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांचा दगड कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हते. आणि घडीव, शाबूत, चुना लावलेल्या दगडाच्या दोन बाजूंना पिढीजात अबोला धरलेली घरेही पाहिली आहेत.

सरकारलाही हे अखेर उमगले असावे. २०२३ साली राज्याने ‘सलोखा’ नावाची योजना आणली. बारा वर्षे किंवा जास्त काळ तुमची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची तुमच्या ताब्यात असेल, तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा. मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. म्हणजे ज्या सरकारने इतकी वर्षे दगड जागेवर आणण्यासाठी जंग जंग पछाडले, त्याने हळूच सांगितले, दगड राहू द्या, आपण कागदच सरकवू. गोल्डस्मिड साहेबाला हे समजले असते तर त्याने इंदापुरात एवढे ऊन सोसले नसते.

योजना उत्तम आहे आणि स्वस्तही. अडचण एवढीच, की तिच्यासाठी दोघांनी एकाच दिवशी, एकाच कचेरीत, एकाच बाकावर बसून नंबर येण्याची वाट बघावी लागते. सरकारी कचेरीत नंबर लवकर येत नाही, ही प्रथमच उपयोगी पडणारी गोष्ट. दोन तास शेजारी बसल्यावर कोणीतरी पावसाचा विषय काढतो, मग बियाण्याचा, मग पोरांच्या लग्नाचा. आणि दस्तावर सही व्हायच्या आत, ती जमीन नेमकी कुणी कुणाची घेतली होती, यावर दोघे पुन्हा एकदा मनापासून भांडून घेतात. पण आता चहा पीत.